उन्हाळी सत्राचं टाचण

मार्च महिन्यात कपाटातली कागदपत्रं उपसताना माझी पाठ टाचणाची वही सापडली. निळ्या पुठ्ठ्याची, लांबट. साताऱ्याजवळच्या ज्या शाळेत मी सात वर्षं भूगोल शिकवला, तिथली शेवटच्या वर्षाची. 2019 च्या जूनमध्ये पहिल्या दोन आठवड्यांचं टाचण लिहून झालं होतं. मग व्हिसा आला, राजीनामा दिला आणि पुढची पानं कोरीच राहिली. ही वही मी अमेरिकेत का आणली ते मला आजही सांगता येत नाही. तेवीस किलोच्या बॅगेत तिच्या जागी अर्धा किलो मेतकूट बसलं असतं.

ज्यांनी शिकवलं आहे त्यांना माहीत असेल, टाचणात सगळ्यात वर उद्दिष्टं लिहायची असतात. ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य. आणि त्यांच्यापुढे स्पष्टीकरणं: विद्यार्थी अमुक सांगतो, विद्यार्थी तमुक ओळखतो. ‘विद्यार्थ्यांना समजेल’ असं लिहिलं की आमच्या बी.एड.च्या मॅडम त्याखाली लाल रेघ मारायच्या. समजलं की नाही हे तुम्हाला दिसणार कसं? जे डोळ्यांना दिसतं, मोजता येतं, तेवढंच लिहा.

त्या रात्री भांडी आवरल्यावर मी एका कोऱ्या पानावर तारीख टाकली. विषय: माउंटन बाइकिंग. घटक: उन्हाळा. इयत्तेची जागा मात्र रिकामी ठेवली.

आता हे माउंटन बाइकिंग कुठून आलं, ते सांगायला हवं. आम्ही राहतो ते बेंटनव्हिल, आर्कान्सा राज्याच्या वायव्य कोपऱ्यातलं गाव. भारतातल्या नातेवाइकांना हे नाव सांगितलं की पलीकडे शांतता पसरते. मग मी म्हणते, वॉलमार्ट. तेव्हा ओळख पटते. 1950 मध्ये सॅम वॉल्टन यांनी इथल्या चौकात एक छोटं दुकान काढलं. आज जगातल्या त्या सगळ्यात मोठ्या दुकानदारीचं मुख्य कार्यालय इथेच आहे. त्यामुळे कंपनी, तिला माल पुरवणारे आणि त्यांची कॉम्प्युटरची कामं करणारे असे आपले लोकही इथे पुष्कळ. आम्ही आलो तेही तसेच. पण या गावाची दुसरी ओळख मला आल्यावर कळली. ते स्वतःला जगाची माउंटन बाइकिंगची राजधानी म्हणवतं. वॉल्टन कुटुंबाच्या तिसऱ्या पिढीतल्या दोघा भावांना या सायकलचं वेड. त्यांच्या कुटुंबाच्या पैशांतून आणि गावाच्या पुढाकारातून गेल्या वीसेक वर्षांत इथल्या जंगलांतून शेकडो मैलांच्या वाटा बांधल्या गेल्या. बांधल्या म्हणजे खरोखर बांधल्या. पाण्याचा उतार बघून, वळणाला बाहेरून उचल देऊन, दगड बसवून. आपल्याकडे घाटरस्ता करताना जो विचार करतात तोच, फक्त दीड हात रुंदीच्या वाटेसाठी.

मला सुरुवातीला हसूच आलं होतं. माउंटन? भूगोलाच्या बाईंसमोर? बेंटनव्हिल समुद्रसपाटीपासून सुमारे 400 मीटरवर आहे. आमचं सातारा गाव सातशेच्या वर, आणि त्याच्याही डोक्यावर अजिंक्यतारा. ओझार्क हे खरं तर पर्वत नव्हेतच. ते एक उचललं गेलेलं पठार आहे, नद्या-ओढ्यांनी कापून कापून त्याच्या टेकड्या झाल्या. आपला सह्याद्री साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. इथला चुनखडक त्याच्या कितीतरी आधीचा, तीस-पस्तीस कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्रातला. माझा मुलगा ओढ्यातून दगड गोळा करतो, त्यांत बारीक चकत्यांसारखे जीवाश्म असतात. समुद्राच्या तळाशी देठावर उभ्या राहणाऱ्या, फुलासारख्या दिसणाऱ्या प्राण्याचे ते तुकडे. चुनखडकात चर्ट नावाच्या गारगोटीसारख्या कठीण दगडाचे थर आहेत. तो फुटला की सुरीसारखी धार येते. हा दगड लक्षात ठेवा, तो पुढे येणार आहे.

तर हसत हसत मी पहिली दोन वर्षं घालवली. व्हिसा एच-4. म्हणजे नवऱ्याच्या नोकरीवर अवलंबून, कामाची परवानगी नाही. ती मिळण्याचा मार्ग आहे, पण त्याआधी नवऱ्याच्या ग्रीन कार्डाची फाईल एका टप्प्याला पोहोचावी लागते, आणि त्या रांगांविषयी या अंकाच्या वाचकांना मी काय सांगणार! मधे कोविड झाला. मुलगा शाळेत जायला लागला. त्याच्या वर्गातली सगळी मुलं सायकलवर, म्हणून त्यालाही सायकल घेतली, आणि त्याच्या मागे धावायला कोणीतरी हवं म्हणून मी. धावून दमले तेव्हा एक जुनी, दुसऱ्याने वापरलेली माउंटन बाइक घेतली. पुढे शॉक ॲब्सॉर्बर आहे, मागे नाही. अशीला इथे हार्डटेल म्हणतात. तेवढ्या डॉलरांचा रुपयांत गुणाकार मी केला आणि नवऱ्याला सांगितला नाही. त्यानेही केलाच असणार.

सायकल मला नवी नव्हती. आठवीपासून कॉलेजपर्यंत लेडीज सायकलवर पोवई नाका ते घर हा चढ मी रोज चढले आहे. पण ती सायकल एका कामाची होती, कुठेतरी पोचण्यासाठी. जंगलात शिरून गोल फिरून परत गाडीपाशी यायचं, यासाठी सायकल चालवतात हे कळायला मला वेळ लागला.

या खेळाचा इतिहास मी वाचला, कारण शिकवायची सवय जात नाही. 1970 च्या दशकात कॅलिफोर्नियात मरीन काउंटीत काही तरुण मंडळी जुन्या, जाड टायरच्या, पॅडल मागे फिरवून ब्रेक लावायच्या सायकली डोंगरावर चढवून उतारावरून सोडत. 21 ऑक्टोबर 1976 ला त्यांनी एका उतारावर पहिली शर्यत लावली. त्या उताराचं नाव रिपॅक. खाली पोचेपर्यंत मागच्या चाकातला ब्रेक इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं, आणि ते पुन्हा भरावं लागायचं, म्हणून रिपॅक. पुढे 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ गेला. पण मला त्यातली आवडली ती वेंडी क्रॅग. त्या सगळ्या दाढीवाल्या टोळक्यात सायकल चालवणारी बाई, आणि आज आपण जे जुने फोटो बघतो त्यांतले कितीतरी तिनेच काढलेले.

असो. तर टाचण.

पहिलं, ज्ञान. ‘विद्यार्थिनी वीस मिनिटांत चाक काढून ट्यूब बदलते.’ सात वर्षं शाळेत आणि त्याआधी आठ वर्षं सायकलवर काढून मी एकदाही पंक्चर काढलं नव्हतं. नाक्यावर दुकान होतं, तिथे सायकल टेकवायची आणि उसाचा रस प्यायचा.

दुसरं, आकलन. ‘विद्यार्थिनी वळणाच्या आधी ब्रेक लावते, वळणात लावत नाही. चाकाकडे न बघता पुढच्या वळणाकडे बघते.’ हे दिसायला सोपं आहे. जंगलातल्या वाटेवर डोळे जिथे जातात तिथेच सायकल जाते. झाडाकडे बघितलं की झाडावर. समोर दगड दिसला की त्याच्याकडेच टक लावून बघावंसं वाटतं, आणि मग तो चुकत नाही.

तिसरं, कौशल्य. घराजवळ स्लॉटर पेन नावाच्या ट्रेल आहेत. नाव भयंकर आहे, कत्तलखान्याच्या कोंडवाड्याचं, पण जागा ओक आणि हिकरीच्या सावलीची. 2007 च्या सुमाराला या गावात पहिल्यांदा बांधल्या गेलेल्या वाटा त्याच. तिथे एका ठिकाणी गुडघ्याएवढी दगडी पायरी आहे. माझा नऊ वर्षांचा मुलगा तिच्यावरून बोलत बोलत उतरतो. मी दर वेळी शेजारच्या सोप्या वाटेने जाते. ‘विद्यार्थिनी ही पायरी सायकलवरून न उतरता उतरते.’

चौथं, उपयोजन. हे लिहिताना मी थांबले. उत्तरेला, मिसुरीच्या सीमेलगत, बेला व्हिस्टा गाव आहे. तळी, गोल्फ आणि निवृत्त लोकांचं. त्या गावाभोवती जंगलातून, कड्यांच्या खालून, ओढ्यांवरच्या पुलांवरून जाणारी वीसेक मैलांची एक फेरी आहे, बॅक 40 नावाची. 2016 मध्ये झाली. ट्रेलना इथे रंग असतात, बर्फावरच्या स्कीइंगसारखे. हिरवा गोल सोपा, निळा चौकोन मध्यम, काळा चौकट कठीण. ही निळी आहे. काळी नाही, पण लांब आहे, आणि सतत वर-खाली. मी लिहिलं: ‘विद्यार्थिनी बॅक 40 ची पूर्ण फेरी करते.’ मग थोड्या वेळाने ‘करते’च्या आधी एक शब्द घातला. ‘एकटीने’.

व्हिसावर मी डिपेंडंट आहे, इन्शुरन्सवर डिपेंडंट आहे. यात कोणाची चूक नाही, नवऱ्याची तर मुळीच नाही. पण शाळेत असताना सहलीला साठ मुलं घेऊन मी एकटी प्रतापगडावर गेले आहे. इथे जंगलात जाताना मागे नवरा, पुढे मुलगा, आणि दोघंही मधूनमधून विचारणार, ठीक आहेस ना? मला त्या प्रश्नाचा कंटाळा आला होता. शेवटी मुदत लिहिली: लेबर डेच्या आत.

मे महिन्यात सासूबाई आल्या. वाईच्या. पोस्टातून निवृत्त. सासरे गेल्यानंतर पहिल्यांदाच एकट्या विमानात बसल्या. मला वाटलं होतं, झालं, आता सायकल गॅरेजमध्ये. दोन दिवस मी पहाटे उठून चोरून जात होते. तिसऱ्या दिवशी त्या दारात उभ्या. “अगं, चहा घेऊन तरी जा. उपाशी पोटी घाम काढू नये.” तेवढंच. पुढे त्यांनी टाचणाची वही पाहिली. मी दाखवली नाही, ती डायनिंग टेबलावरच असते. चष्मा लावून पूर्ण पान वाचलं आणि म्हणाल्या, “हे चौथं जमेल का गं तुला?” मी म्हटलं, “माहीत नाही, आई.” “मग लिहिलंस ते बरं केलंस,” म्हणाल्या, आणि भाजी निवडायला लागल्या. याचा अर्थ काय ते मी विचारलं नाही.

आता जे लिहिणार आहे ते साताऱ्याला माझ्या आईने अजून ऐकलेलं नाही. आई, हा अंक तुला पोचेल तेव्हा सगळं बरं झालेलं आहे, हे आधी वाच.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात मी पडले. साधा उतार होता, हिरव्या वाटेचा. समोरून एक हरीण वाटेवर आलं. मी घाईने डावा ब्रेक दाबला, जोरात. आणि सायकल जागच्या जागी उभी राहिली, मी मात्र गेले पुढे. हँडलवरून, डोक्यावरून, पालापाचोळ्यात. हरीण माझ्याकडे बघत होतं. मी आडवी पडून आधी फक्त एकच विचार केला: डावा का?

उत्तर घरी आल्यावर मिळालं. साताऱ्याला दहा वर्षं मी ॲक्टिव्हा चालवली. स्कूटरचा डावा ब्रेक मागच्या चाकाचा. घाबरलं की डावा हात आवळायचा, स्कूटर जरा घसरते पण थांबते, हे हाताला पाठ. अमेरिकेतल्या सायकलींना डावा ब्रेक पुढच्या चाकाचा असतो. हे मला माहीत होतं. विचारलं असतं तर सांगितलंही असतं. ज्ञान झालं होतं, आकलन झालं होतं. पण हरीण समोर आलं तेव्हा हाताने साताऱ्याचं उत्तर दिलं.

उजव्या मनगटाच्या हाडाला बारीक तडा गेला होता. चार आठवडे पट्टी. दवाखान्यात फॉर्म भरताना नोकरी कुठे असं विचारलं तेव्हा मी नेहमीप्रमाणे होममेकर सांगितलं. कशी पडलात विचारलं तेव्हा म्हटलं, माउंटन बाइकिंग. ती मुलगी मान वर करून माझ्याकडे बघून हसली. मनगट ठणकत असतानाही मला ते आवडलं, खोटं कशाला सांगू.

आईला व्हिडिओ कॉलवर महिनाभर मी फक्त डावी बाजू दाखवली. “चेहरा का असा तिरका दिसतो?” विचारलं की म्हणायचं, फोन पडलाय. ती तिथून म्हणायची, नवा घे बाई एक.

टाचणात जो पाठ होत नाही त्याच्यापुढे ‘अपूर्ण’ लिहून तो पुढच्या आठवड्यात ओढतात. मी सगळं पानच ओढलं. आणि त्या चार आठवड्यांत सायकलऐवजी चालायला लागले, सासूबाईंबरोबर. उन्हाळ्यात इथे ऊन आणि दमट हवा दोन्ही असतं, कोकणासारखं. सकाळी सहाला निघायचं. साडी, पायात स्नीकर्स, हातात छत्री, अशा त्या आणि गळ्यात हात अडकवलेली मी. सायकलवाले मागून येताना हाक देतात, डावीकडून येतोय म्हणून. सासूबाईंना पहिल्या दिवशी वाटलं ते आपल्यालाच ओरडतात. चौथ्या दिवशी त्या प्रत्येकाला हात करून वाट देत होत्या.

त्यांनी एक दिवस वही मागून घेतली आणि माझ्या पानाखाली स्वतःचं एक उद्दिष्ट लिहिलं. पोस्टातलं अक्षर, एकसारखं. ‘म्युझियमपर्यंत चालत जाऊन येणे, न बसता.’ गुडघ्यांमुळे त्यांना सलग चालणं जमत नव्हतं. क्रिस्टल ब्रिजेस म्युझियम आमच्याकडून पायवाटेने दीडेक मैल. ॲलिस वॉल्टन यांनी उभारलेलं, 2011 मध्ये उघडलेलं. मोशे सफदी या वास्तुकाराने दरीतल्या झऱ्याचं पाणी अडवून त्यावर पुलासारखी दालनं बांधली आहेत. नेहमीचं दालन बघायला तिकीट नाही. कलेत गती नसली तरी पावसात, उन्हात मुलांना घेऊन जायला इतकी चांगली जागा नाही, आणि आपल्यातले बरेच लोक फक्त पाहुणे आले की जातात याची मला खंत आहे.

सासूबाई तिसऱ्या प्रयत्नात न बसता पोचल्या. बाहेर लुईज बुर्जुआची प्रचंड कोळीण उभी आहे, पितळी रंगाची, पोटाखाली अंडी घेऊन. शिल्पाचं नाव ‘मामाँ’, म्हणजे आई. सासूबाईंनी तिच्या पायांमधून फिरून घेतलं. आत नॉर्मन रॉकवेलचं ‘रोझी द रिव्हेटर’ आहे. 1943 मध्ये, महायुद्ध चालू असताना, एका साप्ताहिकाच्या मुखपृष्ठासाठी काढलेलं. कारखान्यात रिव्हेट ठोकणारी बाई, दुपारच्या सुट्टीत सँडविच खातेय, मांडीवर हत्यार, पायाखाली हिटलरचं पुस्तक. सासूबाई त्याच्यासमोर बराच वेळ उभ्या होत्या. मला वाटलं गुडघा दुखतोय. मग म्हणाल्या, “हिचे दंड बघ. आणि डबा खाताना कोणाकडे बघत नाहीये.”

जुलैच्या शेवटी पट्टी सुटली. सायकल बाहेर काढली आणि पहिल्याच उतारावर माझे हात दगड झाले. ही भीती मला ओळखीची नव्हती. पडायच्या आधी मी घाबरत होते ते कल्पनेने. आता अंगाला आठवत होतं. सायकलच्या दुकानातल्या मुलाला मी ब्रेकची गोष्ट सांगितली, तर तो म्हणाला, त्यात काय, दोन्ही ब्रेकची अदलाबदल करून देतो, मोटरसायकलवाले बरेच जण तशीच करून घेतात. मी एक रात्र विचार केला आणि नको म्हटलं. डिसेंबरात साताऱ्याला गेले की ॲक्टिव्हा आहेच. मुलगा घरात मराठी बोलतो, दाराबाहेर पाय टाकला की इंग्रजी. त्याचा गोंधळ होत नाही. मग माझ्या हातांनीही दोन शिकायला काय हरकत आहे?

शिकवण्याची रीत मला माहीत होतीच. सराव. सुट्टीतली शाळा रिकामी, तिथल्या पार्किंगमध्ये मी खडूने रेघ मारली. जोरात यायचं, रेघेवर थांबायचं, दोन्ही हातांचं एकेक बोट, डावं हळू, उजवं आधी, बुड मागे, टाचा खाली. पुढचा ब्रेक वाईट नसतो. थांबण्याची खरी ताकद त्याच्यातच असते, फक्त वजन मागे न्यावं लागतं आणि तो आवळायचा नसतो, हळूहळू दाबायचा असतो. रोज चाळीस वेळा. सासूबाई घडीची खुर्ची टाकून झाडाखाली बसायच्या आणि मोजायच्या, जपमाळेच्या मण्यांवर. मधेच मुलगा ओरडायचा, “आता, हरीण!” आणि मी थांबायचे. दहा दिवसांनी हात ऐकायला लागला. अजूनही शंभर टक्के नाही.

ऑगस्टच्या अखेरीला बॅक 40 वर पहिल्यांदा एकटी गेले. तो पाठ फसला. निघायला उशीर केला, दोन बाटल्या पाणी पुरेल असं वाटलं, आणि अकराव्या मैलावर दोन्ही रिकाम्या. पायात गोळे आले. वाटेने गावातला डांबरी रस्ता ओलांडला तिथे मी कडेला बसले आणि नवऱ्याला फोन केला. तो आला, काही बोलला नाही, सायकल गाडीवर चढवली. घरी येईपर्यंत आम्ही दोघंही भाजी काय करायची यावर बोललो. त्या रात्री मी टाचणात ‘अपूर्ण’ एवढंच लिहिलं. लेबर डे त्यानंतर तीन दिवसांनी होता. तो गेला.

सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी पुन्हा निघाले. पाठीवर पाण्याची तीन लिटरची पिशवी, खिशात राजगिऱ्याचे लाडू आणि लिंबाचं लोणचं. गोळ्यांवर लोणच्याच्या खारासारखं औषध नाही, इथले सायकलवाले बाजारातून काकडीच्या लोणच्याचं पाणी विकत घेऊन पितात ते उगाच नव्हे. सात वाजता उजाडता उजाडता सुरुवात केली. पहिले पाच मैल मी फक्त स्वतःचा श्वास ऐकत होते. मग कधीतरी पक्षी ऐकू यायला लागले. कड्याखालून वाट जाते तिथे दगड गार आणि ओला, आपल्याकडच्या लेण्यांत शिरल्यासारखा वास. एका वळणावर वाळक्या पानांत कॉपरहेड पडलेला. विषारी साप, अगदी पानांच्याच रंगाचा. फुरसं बघून मोठी झालेली मी, थांबले, त्याला जाऊ दिलं. उजवा आधी, डावा हळू. हे थांबल्यानंतर लक्षात आलं.

चौदाव्या मैलावर मागचं चाक बसलं. चर्टचा दगड. ट्यूबला सापाच्या दातांसारखी दोन भोकं. मी सायकल उलटी केली आणि बसले. चाक काढलं. टायर रिंगमधून सुटेना. अंगठ्याचं नख गेलं. साखळीचं काळं तोंडाला लागलं, ते घरी आरशात दिसलं. दोन मुलं आली, थांबली, मदत हवी का विचारलं. तोंडून ‘हो’ बाहेर पडणारच होतं. मी म्हटलं, नको, सगळं आहे माझ्याकडे. ती गेली. त्यानंतर एक म्हातारा आला, त्याने न विचारताच बाजूला सायकल टेकवली, पाणी प्यायला, हवामानाविषयी बोलला, माझं टायर आत बसेपर्यंत थांबला आणि मग निघून गेला. त्याने कशालाही हात लावला नाही. वीस मिनिटं लिहिली होती, लागली सत्तेचाळीस.

शेवटच्या मैलांविषयी मला फारसं आठवत नाही. पाय सतरा वेळा खाली टेकले, मोजले आहेत. तीन चढ ढकलत चढले. ‘पूर्ण फेरी करते’ यात ढकलत चढलेलं धरायचं का, हा प्रश्न मी मॅडमना विचारला असता तर त्या काय म्हणाल्या असत्या कोण जाणे. गाडीपाशी पोचले तेव्हा सव्वाबारा झाले होते. पार्किंगमध्ये कोणी नव्हतं. मी सायकल गाडीवर चढवली, उरलेला लाडू खाल्ला आणि घरी फोन केला. मुलाने उचलला आणि विचारलं, “आई, किती वेळा पडलीस?” ठीक आहेस ना, असं कोणीच विचारलं नाही.

सासूबाई ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात परत गेल्या. दिवाळी त्यांना स्वतःच्या घरी करायची होती. जाण्याच्या आदल्या रात्री त्यांनी वही मागितली. टाचणाच्या पानावर खाली मुख्याध्यापकांच्या सहीसाठी जागा असते, ती तशीच होती. त्यांनी तिथे लिहिलं, ‘पाहिले’, खाली पूर्ण सही केली आणि तारीख घातली, पोस्टाच्या शिक्क्यासारखी गोलात.

ती दगडी पायरी अजून झालेली नाही. आता पानगळ सुरू आहे, वाटेवरची मुळं पानांखाली झाकली जातात, आणि मी तिच्याशेजारून जाताना अजून दुसरीकडेच बघते. तिच्यापुढे ‘अपूर्ण’ लिहून पान उलटलं आहे. दर शनिवारी सकाळी आठला मी स्लॉटर पेनच्या हिरव्या वाटेवर असते. मंडळातल्या कोणाला यायचं असेल तर जरूर या. फराळाच्या उरलेल्या चकल्या आणा, लोणचं मी आणते. हेल्मेट माझ्याकडे एक जास्तीचं आहे. आणि ॲक्टिव्हा चालवलेली असेल, तर आधी पार्किंगमध्ये भेटू.